आधी नकाशा, मग सही

मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२१ साली 'लेबर गॅझेट' नावाचे मासिक सुरू केले. त्याच्या १९२२ सालच्या अंकांत डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंचा एक अहवाल आहे. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांची आणि त्यांच्या बाळंतपणाची चौकशी करण्यासाठी सरकारने त्यांना नेमले होते. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, सुमारे १५ फूट बाय १२ फुटांच्या खोलीत, त्यांना सहा कुटुंबे राहताना आढळली. हे वाचणाऱ्याला पटणार नाही याची त्यांना जाणीव असावी. म्हणून त्यांनी पुरावाही नोंदवला: जमिनीवर सहा वेगवेगळ्या चुली होत्या. मग त्यांनी विचारपूस केली, तेव्हा लहानमोठी मिळून ३० माणसे त्या खोलीत राहतात असे कळले.

या छोट्या नोंदीत माहिती मिळवण्याच्या दोन रीती शेजारी शेजारी आहेत. बाईंनी चुली मोजल्या आणि माणसांना विचारले. मुंबईच्या घरांविषयीचे सरकारी कागद सव्वाशे वर्षे मागे जातात आणि त्यांत मोजणी भरपूर आहे. खोल्या, माणसे, मृत्यू, भाडे, चौरस फूट, सगळे मोजलेले आहे. विचारपूस मात्र शोधावी लागते. घरे पाडायची आणि नवी बांधायची ठरली, तेव्हा त्या घरांत राहणाऱ्यांना कुणी विचारले का? विचारले असेल तर केव्हा, आणि नेमके काय विचारले? मते बाजूला ठेवून फक्त कायदे, नियम, अहवाल आणि आकडे यांच्या आधारे हा माग काढता येतो. कागद कुठे बोलतात आणि कुठे गप्प बसतात, याकडे वाचकानेही माझ्याबरोबर लक्ष ठेवावे.

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत साथ उघड झाली आणि दोन वर्षांत, १८९८ साली, मुंबई सुधार विश्वस्त मंडळाचा, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा, कायदा झाला. दाट वस्ती पाडायची, रुंद रस्ते काढायचे, हवा खेळवायची, हे त्याचे काम. नागपाड्याची योजना क्रमांक एकची. कायद्याची चाल सरळ आहे: मंडळ योजना आखते, ती राजपत्रात जाहीर होते, जमीन संपादित होते आणि मोबदला मालकाला मिळतो. महिन्याच्या भाड्याने खोलीत राहणाऱ्या माणसाला या व्यवहारात देण्याघेण्यासारखे काही नसते. तो कागदांत येतो तो हलवायच्या माणसांच्या आकड्यात. पाडापाडीमुळे किती जण बेघर झाले आणि त्यांच्यासाठी किती खोल्या बांधल्या, यावर त्या काळात पुष्कळ वाद झाला. पण वाद घालणारे होते अधिकारी, नगरसेवक, घरमालक आणि डॉक्टर. मंडळाने आग्रीपाडा, परळ, चंदनवाडी इथे बांधलेल्या बीआयटी चाळी आजही ओळखीच्या आहेत. १९३३ साली मंडळाचा कारभार महापालिकेकडे गेला.

आता मुख्य प्रकरणाकडे येतो. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकिर्दीत, १९२० साली, बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. बीडीडी या तीन अक्षरांचा उगम तिथला. वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. जानेवारी १९१९ मध्ये गिरण्यांचा मोठा संप झाला होता, १९२० च्या सुरुवातीला दुसरा झाला आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले. घरभाडी भडकू नयेत म्हणून १९१८ मध्येच भाडेनियंत्रणाचा युद्धकालीन कायदा करावा लागला होता. संपांच्या धास्तीने सरकार घरे बांधायला लागले, असा निष्कर्ष मोहक आहे. तारखा त्याच्या बाजूने आहेत. पण तारखांच्या शेजारपणाला मी कारण म्हणणार नाही, फक्त संभव म्हणेन.

योजनेचे आकडे मात्र पक्के आहेत. ५०,००० खोल्या, ६२५ चाळींत. शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीमागे एक रुपया शहर शुल्क लावून खर्चाला हातभार लावायचा होता. चाळीचा नमुना एकच: तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, मधून बोळ, बोळाच्या दोन्ही अंगांना दहा-दहा दारे, मजल्यावर सामाईक संडास. खोली १६० चौरस फुटांची. एका चाळीत ८० खोल्या आणि ८० ला ६२५ ने गुणले की बरोबर ५०,००० येतात. हा गुणाकारच योजनेविषयी काही सांगतो. आधी आकडा ठरला, मग नमुना बसवला, मग तो नमुना वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे सारखाच उभा केला. कुटुंब सहा माणसांचे आहे, की एकाच गावचे वीस गिरणी कामगार मिळून खोली घेणार आहेत, याने नकाशात एका भिंतीचाही फरक पडला नाही.

डॉ. बार्न्स यांची ती खोली पुन्हा मोजून पाहू. १५ गुणिले १२ म्हणजे १८० चौरस फूट. ज्या दाटीमुळे ही योजना निघाली, त्या दाटीच्या सर्वांत भयंकर नमुन्यापेक्षा सरकारची नवी खोली २० चौरस फुटांनी लहान होती. अर्थात नव्या खोलीत सहा चुली मांडायच्या नव्हत्या, एकच मांडायची होती. तुलना करताना हे विसरून चालणार नाही.

६२५ पैकी उभ्या राहिल्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२, शिवडीला १२. म्हणजे साडेसोळा हजारांच्या आसपास खोल्या, ठरलेल्या कामाच्या एक तृतीयांश. योजना का थांबली? एक उत्तर पैशाचे आहे. याच खात्याने हाती घेतलेल्या बॅकबे भरावाचा खर्च हाताबाहेर गेला, के. एफ. नरीमन यांनी त्यावर झोड उठवली आणि १९२६ साली सर ग्रिमवूड मीअर्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. नरीमन यांच्यावर खात्यातल्या एका अभियंत्याने अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरीमन त्यातून निर्दोष सुटले. हे सारे सविस्तर छापलेले आहे, कारण त्यात शहरातली नामवंत माणसे गुंतली होती.

दुसरे उत्तर तितक्या ठळकपणे छापलेले नाही आणि मला तेच जास्त महत्त्वाचे वाटते. बांधलेल्या चाळी रिकाम्या राहिल्या. विशेषतः वरळीच्या.

हे कोडे नीट मांडून पाहू. १९११ च्या जनगणनेत शहरातले सुमारे ६९ टक्के लोक एका खोलीच्या घरात राहत होते. कामगार कार्यालयाने १९२१-२२ मध्ये कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तेव्हा ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत आढळली. ए. आर. बर्नेट-हर्स्ट यांचे 'लेबर अँड हाउसिंग इन बॉम्बे' हे पुस्तक १९२५ चे. त्यातली गिरणगावाची वर्णने याच आकड्यांना दुजोरा देतात. इतकी टंचाई असलेल्या शहरात सरकार काँक्रीटच्या पक्क्या खोल्या बांधते, खर्चाच्या हिशेबाने येणाऱ्या भाड्यापेक्षा कमी भाडे लावते, तेही पुढे आणखी उतरवते, आणि तरी माणसे येत नाहीत.

कारणे तीन संभवतात. पहिले, भाडे उतरवूनही कामगाराला ते जड होते. १९२४ मध्ये बोनससाठी संप झाला, १९२५ मध्ये वेतनकपातीविरुद्ध झाला आणि १९२८ चा सार्वत्रिक संप तर एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. अशा वर्षांत दर महिन्याचे रोख भाडे ही मोठी जोखीम होती. दुसरे कारण अंतराचे. वरळी तेव्हा गावाबाहेर होती. पाळी सुटल्यावर पायी घर गाठायचे, उधारीवर वाणसामान घ्यायचे, ओळखीच्या मुकादमाकडून काम मिळवायचे, या साऱ्यांसाठी परळ-लालबागच्या गल्ल्या सोडून जाणे परवडणारे नव्हते. तिसरे कारण खोलीतच होते: मधल्या बोळाचा अंधार, प्रत्येक चाळीत तेच ते बांधकाम आणि आपल्या माणसांपासून तुटलेपण. या तिन्हींपैकी कुठल्या कारणाचा भार किती, हे ठरवण्याची एक कसोटी हाताशी आहे. ओरड वरळीबद्दल सर्वांत जास्त आहे, पण नमुना चारही ठिकाणी एकच होता. दोष केवळ खोलीचा असता तर चारही ठिकाणी सारखीच ओस पडायला हवी होती. म्हणून अंतराचे कारण जड भरते, असे माझे अनुमान आहे. खोलीला मात्र त्यातून निर्दोष ठरवता येत नाही.

१९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाचा, म्हणजे भारतातील कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनचा, अहवाल १९३१ मध्ये आला. सभासदांत एक नाव ना. म. जोशी यांचे आहे. त्यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली होती आणि १९२६ मध्ये गिरणी कामगारांची युनियन. चाळींत राहणाऱ्यांना नावानिशी ओळखणारा माणूस सरकारी आयोगाच्या टेबलाशी बसला होता, हे या कागदांत दुर्मीळ आहे. डिलाईल रोडला पुढे त्यांचेच नाव दिले गेले आणि तिथल्या ३२ चाळी आज ना. म. जोशी मार्गाच्या म्हणून ओळखल्या जातात.

ज्यांना कुणी विचारले नाही, त्यांनी उत्तर दिले ते न येऊन. रिकाम्या खोल्यांची संख्या हे त्या काळातल्या रहिवाशांचे एकमेव सार्वत्रिक मत आहे. त्याखाली सही नाही, अंगठाही नाही. पण सरकारला भाडी उतरवायला आणि बांधकाम थांबवायला लावण्यात त्याचा वाटा होता, असे म्हणायला आधार आहे. त्या रिकाम्या जागेचे पुढे काय झाले, तेही नोंदलेले आहे. १९३० च्या सविनय कायदेभंगात सत्याग्रही इतके पकडले गेले की तुरुंग अपुरे पडले आणि वरळीच्या चाळींत तात्पुरता तुरुंग करण्यात आला. खोल्या खरोखर भरल्या त्या शहर वरळीपर्यंत वाढत आल्यावर. मग मात्र त्या अशा भरल्या की कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी गावांची ग्रामस्थ मंडळे त्यांत आली, एकेका खोलीत गावचे दहा-वीस गडी पाळीपाळीने झोपू लागले. त्या जगाची साक्ष नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी कामगारांच्या तोंडून घेऊन ठेवली आहे, 'कथा मुंबईच्या गिरणगावची' या ग्रंथात. सरकारी कपाटात ती मिळत नाही.

मधली काही दशके भराभर ओलांडतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती पडू लागल्या. बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ मध्ये दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाचा कायदा झाला आणि उपकरप्राप्त इमारतींची यादी तयार झाली, ज्यांना आपण सेस बिल्डिंगी म्हणतो. यादीतला आकडा १९,६४२. त्यात १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या 'अ' वर्गाच्या १६,५०२, 'ब' वर्गाच्या १,४८९ आणि 'क' वर्गाच्या १,६५१. बेरीज जुळते. कागदपत्रांवर काम करणाऱ्याला अशा जुळणाऱ्या बेरजेचे सुख कळेल. भाडेकरू आता उपकर भरत होता, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चात त्याचा पैसा होता. तरी त्याचे मत कायद्यात कुठे बसलेले नव्हते.

ते बसले १९८६ मध्ये. म्हाडा कायद्याला आठ-अ हे प्रकरण जोडले गेले. त्यानुसार उपकरप्राप्त इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून अर्ज केला, तर सरकार ती मालमत्ता संपादित करून त्यांच्या संस्थेला देऊ शकत होते, मालकाला महिन्याच्या भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन. या तरतुदीला मालकांनी आव्हान दिले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात तीन दशकांहून जास्त काळ राहिले आणि त्यातून निघालेल्या घटनात्मक प्रश्नावर, खासगी मालमत्ता 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती' मानायची का यावर, ९ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल दिला. सगळीच खासगी मालमत्ता त्यात मोडत नाही, असे बहुमत पडले. वकिली चर्चा तिथेच रेंगाळली. आपल्या शोधासाठी मोलाचे आहे ते तरतुदीतले कर्तेपण. अर्ज रहिवाशांचा, संस्था रहिवाशांची, पुढची इमारतही त्यांच्याच हाती.

आता याच्या शेजारी २५ मार्च १९९१ पासून लागू झालेली विकास नियंत्रण नियमावली ठेवा. तिच्या ३३(७) या नियमात उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासाला वाढीव चटई क्षेत्र मिळाले. अट अशी की किमान ७० टक्के रहिवाशांची लेखी आणि मागे न घेता येणारी संमती हवी. आकडा तोच, ७०. पाच वर्षांपूर्वी हे ७० टक्के लोक स्वतः अर्जदार होते. आता ते बहुधा दुसऱ्याच्या अर्जाला जोडायचे सहपत्र झाले. 'बहुधा' म्हणतो, कारण नियमाने भाडेकरूंच्या संस्थेलाही योजना करण्याची मुभा ठेवली होती. पण नवे चटई क्षेत्र विकून पैसा उभा करायचा, तर भांडवलवाला लागतो, आणि प्रत्यक्षात प्रस्ताव मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावाने जाऊ लागले.

संमतीपत्र हा कागद म्हणून जवळून पाहावा. रहिवासी आपले नाव, खोली क्रमांक आणि क्षेत्र मान्य करतो, पर्यायी जागा मान्य करतो आणि सही करतो. नियमाने त्याला किमान २०.९० चौरस मीटर आणि कमाल ७० चौरस मीटर चटई क्षेत्राचे संरक्षण दिले होते. हे काही लहान संरक्षण नव्हे. पण या कागदात प्रश्न एकच आहे: हो की नाही. संडास कुठे असावा, जिना कुठे उतरावा, गॅलरी राहावी की जावी, शेजार टिकावा की चिठ्ठ्या टाकून मोडावा, यासाठी जागा नाही. एकदा ७० टक्क्यांनी सही केली की उरलेल्या तिसांनाही ती बांधते. म्हाडा कायद्याच्या कलम ९५-अ मध्ये जागा न सोडणाऱ्याला संक्षिप्त कारवाईने बाहेर काढण्याची तरतूद आहे. २०१८ च्या नियमावलीत ७० चे ५१ झाले.

झोपडपट्टी पुनर्वसनाच्या ३३(१०) मध्येही ७० टक्केच होते आणि पुढे तिथेही ५१ आले. त्या नियमातली एक बारीक गोष्ट मात्र कुणी फारशी उचलत नाही. करार आणि घराचे वाटप पती-पत्नीच्या संयुक्त नावे करायचे होते. गिरणगावाच्या भाडेपावत्यांवर बाईचे नाव क्वचित दिसते. इथे ते नियमाने आले.

काय हवे, हा प्रश्न विचारल्याचा पुरावा मला याच काळात, पण नियमांच्या बाहेर सापडतो. १९८४ मध्ये भायखळ्यात स्पार्क ही संस्था सुरू झाली. १९८५ मध्ये तिने फुटपाथवर राहणाऱ्या सुमारे ६,००० कुटुंबांची गणना प्रसिद्ध केली. मोजण्यात ते रहिवासीच सामील होते. फुटपाथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्याचा निकालही त्याच वर्षी, १० जुलै १९८५ रोजी, लागला. पाडापाडी टळणार नाही हे स्पष्ट झाल्यावर त्या फुटपाथवरच्या बायकांनी, त्यांच्या महिला मिलन या संघटनेने, स्वतःच्या घराचा नमुना काढायला घेतला. माप घ्यायला त्यांनी अंगावरची साडी वापरली, कारण साडी किती लांब हे प्रत्येकीला पाठ होते. पूर्ण आकाराची घरे कापड-बांबूने उभी करून त्यांत वावरून पाहिली. त्यातून आली १४ फूट उंचीची खोली, वर पोटमाळा, म्हणजे तेवढ्याच जमिनीवर झोपायला दुसरी जागा. संडास त्यांनी घरात न घेता सामाईक मागितले. जागा आणि खर्च वाचतो, हा त्यांचा हिशेब होता. धारावीत पुढे याच मंडळींनी उभारलेल्या राजीव-इंदिरा संस्थेच्या इमारतीत १४ फुटांच्या खोल्या प्रत्यक्ष बांधल्या गेल्या. बीडीडीची खोली आणि ही खोली, दोन्ही लहानच. पण एकीची उंची कुणी ठरवली ते ठाऊक आहे आणि कशासाठी ठरवली तेही.

सरकारी कागदांत याच्या सर्वांत जवळ जाणारा दस्तऐवज ३ जानेवारी २००९ चा आहे. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ खाली काढलेला हा शासन निर्णय गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासाची पायरीपायरीने रीत सांगतो. सोसायट्यांच्या सभांत त्याचा उल्लेख नुसता 'सेव्हंटी नाईन ए' म्हणून होतो. बहुतेक जण त्यातल्या अटींपासून वाचायला लागतात. मी प्रस्तावना वाचावी असे सुचवतो. तिथे सरकारने आपल्याकडे आलेल्या तक्रारींची जंत्री दिली आहे: सभासदांना विश्वासात न घेणे, निविदांत पारदर्शकता नसणे, मनमानीने ठेकेदार नेमणे, प्रकल्प अहवालाचे नियोजन नसणे, करारनाम्यांत एकसारखेपणा नसणे. एक-एक ओळ म्हणजे कुठल्या तरी इमारतीतली भांडणाची सभा आहे. तक्रार करणाऱ्यांची नावे नाहीत, तरी शासन निर्णयाच्या तोंडाशी त्यांचा आवाज आहे आणि विश्वासात न घेतल्याची तक्रार पहिली आहे.

पुढे त्यात हवी ती गोष्ट सापडते. वास्तुविशारद किंवा सल्लागाराने आधी व्यवहार्यता अहवाल करायचा, तो सभासदांना पाहायला ठेवायचा आणि सभासदांनी आपल्या सूचना सभेच्या आठ दिवस आधी लेखी द्यायच्या. समितीने त्या वास्तुविशारदाकडे पाठवायच्या. सभेचे चित्रीकरण करायचे, निबंधकांचा प्रतिनिधी हजर ठेवायचा. माझ्या वाचनातल्या कागदांत सही करण्यापूर्वी 'तुमचे म्हणणे काय' असे विचारणारी ही पहिली सरकारी तरतूद. आठ दिवस थोडे वाटतात. पण १८९८ पासून इथवर येताना ते आठ दिवस मला फार मोलाचे वाटले.

टक्क्यांबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. ४ जुलै २०१९ च्या सुधारित निर्णयाने 'संमती ७५ वरून ५१ वर आणली' असे सर्रास म्हटले जाते. २००९ चा मजकूर गणपूर्ती तीन चतुर्थांश आणि मंजुरी हजर सभासदांच्या तीन चतुर्थांश असा होता. शंभर सभासदांच्या संस्थेत ७५ हजर राहिले आणि त्यांतल्या ५७ जणांनी हात वर केले की ठराव होत असे. तीन चतुर्थांशाचे तीन चतुर्थांश म्हणजे ५६.२५ टक्के. २०१९ मध्ये गणपूर्ती दोन तृतीयांश झाली, पण मोजणी हजर सभासदांवर न ठेवता एकूण सभासदांवर आली: ५१ टक्के, लेखी. म्हणजे खरी घसरण पाच-सहा टक्क्यांची आहे. दुसरीकडे, मुंबई उच्च न्यायालयाने ही मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक नसून दिग्दर्शक असल्याचे म्हटले आहे. त्यामुळे एखादी पायरी चुकली एवढ्यावरून सगळी प्रक्रिया रद्द होईलच असे नाही. आठ दिवसांचे वजन त्यामुळे कमी होते, हे नाकारता येत नाही.

हे सारे खासगी आणि सहकारी इमारतींचे झाले. जिथे सरकारच कर्ता, तिथला कागद वेगळा आहे. धारावीच्या २००४ साली मंजूर झालेल्या पुनर्विकास प्रकल्पात ७० टक्के संमतीची अट लागू केली गेली नाही. आणि बीडीडी चाळींसाठी २०१६ मध्ये जी चौकट ठरली, नियमावलीत ३३(९)(ब) म्हणून आली, तिच्यातही रहिवाशांच्या संमतीची गरज नव्हती. जमीन सरकारी, योजना सरकारी, अंमलबजावणी म्हाडाची.

१९२० आणि २०१६ चे कागद मग समोरासमोर येतात. मधल्या काळात रहिवाशाला अर्जाचा हक्क मिळाला, सहीचा मिळाला, सूचनेचा मिळाला. पण ज्या चाळी न विचारता बांधल्या गेल्या, त्याच न विचारता पाडायच्या ठरल्या. हा माझा या साऱ्या वाचनातला सर्वांत अस्वस्थ करणारा निष्कर्ष आहे आणि तो पूर्णपणे छापील मजकुरावर उभा आहे. त्याच्या विरुद्ध बाजूचा पुरावाही तितकाच स्पष्ट मांडला पाहिजे. १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर विनामूल्य मिळणार होते. संमतीची अट ठेवली असती तर १९५ चाळींचे, साडेपंधरा हजारांवर खोल्यांचे, काम सुरू झाले असते का, हा प्रश्न खोटा नाही. सेस इमारतींचे किती प्रस्ताव सह्यांच्या भांडणात कुजले, हे मुंबईकर जाणतो.

२२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले. वरळीत दुसऱ्यांदा, १ ऑगस्ट २०२१ रोजी, कामाचा नारळ फुटला. दोन तारखांमध्ये चार वर्षांहून जास्त अंतर आहे. या काळात निविदा होत्या, पात्रता तपासणी होती, महासाथ होती. आणि रहिवाशांचा विरोध होता. पात्रतेच्या सर्वेक्षणाला कुठे दारे बंद राहिली, खोली सोडण्याआधी नोंदणीकृत करारनामा हातात हवा असा आग्रह धरला गेला. कायद्याने संमती मागितली नाही, तेव्हा लोकांनी ती वेळेच्या रूपाने रोखून धरली, असे मी या अंतराचे वाचन करतो. चार वर्षांतला नेमका किती काळ विरोधाचा आणि किती इतर कारणांचा, हे वेगळे काढता येत नाही. म्हणून वाचनच म्हणतो. १९२०च्या दशकात वरळीत खोलीत न येणे हे उत्तर होते, या वेळी खोली न सोडणे हे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या ५५६ रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

२०७ मधून १९५ वजा केले की १२ उरतात. त्या शिवडीच्या चाळी. त्यांची जमीन बंदर प्राधिकरणाची असल्यामुळे त्या या प्रकल्पात आल्या नाहीत. तिथला नकाशा अजून पक्का झालेला नसेल, तर सूचनांसाठी वेळ आहे.

बाकीच्या तीन ठिकाणी खोल्या रिकाम्या होत आहेत आणि सामान हलवताना ट्रंका उघडल्या जात आहेत. पात्रता सिद्ध करायला जपलेल्या जुन्या भाडेपावत्या, ग्रामस्थ मंडळांच्या वर्गणीच्या वह्या, चाळ समित्यांची इतिवृत्ते, गणेशोत्सवाचे जमाखर्च. घर मिळाल्यावर या कागदांचे काम संपले असे समजून ते रद्दीत जाण्याचा धोका आहे. १९३० च्या आधीची वरळीची एक जरी भाडेपावती कुणाच्या घरी असली, तर तिच्यावरची तारीख, खोली क्रमांक आणि रक्कम या तीन गोष्टी उतरवून ठेवाव्यात. अशा पावत्या चारही ठिकाणच्या मिळाल्या तर रिकाम्या खोल्यांविषयीचे माझे अनुमान तपासून पाहता येईल आणि चुकीचे असेल तर खोडताही येईल.